राहायचंय की ऋण फेडायचंय, ते आधी ठरव

भूतानमधल्या ट्रोंगसाहून एका फिजिक्सच्या मॅडमचं पत्र आलंय, बरंच मोठं आहे म्हणून थोडक्यात सांगते. मूळची नाशिकची. नवरा मांगदेछूच्या वीज प्रकल्पावर इंजिनियर होता, त्याच्याबरोबर २०१३ ला गेली आणि तिथल्या सरकारी शाळेत अकरावी-बारावीला शिकवायला कॉन्ट्रॅक्टवर लागली. २०१९ ला प्रकल्प सुरू झाला, नवरा परत आला, ही राहिली. मुलगा नाशिकला आजीआजोबांकडे, आता अकरावीत. नवरा म्हणतो डिसेंबरला सगळं आवरून ये. प्रिन्सिपल म्हणतात अजून दोन वर्षं तरी थांबा, आमचेच शिक्षक ऑस्ट्रेलियाला चाललेत. आणि ही लिहिते, "ताई, २०२० मध्ये मी सुट्टीला आलेली अडकले, परत गेले तर सीमेवर २१ दिवस क्वारंटाईन, जेवणखाण सगळं त्यांच्या सरकारच्या खर्चाने. लसही त्यांच्या लोकांबरोबर एकाच रांगेत मिळाली. रस्त्यात पोरं थांबून वाकून गुड मॉर्निंग मॅडम म्हणतात. ह्या देशाचं ऋण आहे माझ्यावर. असं सोडून आले तर मी कृतघ्न ना? इकडे सासूबाई म्हणतात आपली पोरं सोडून परक्यांची शिकवलीस, तेही ऋणच म्हणायचं का? मी नक्की कोणाचं देणं लागते?"

अगं, पत्रात ऋण हा शब्द तू इतक्या वेळा लिहिलायस की मला वाटलं कुठल्या पतपेढीचं पत्र चुकून माझ्याकडे आलं.

आधी लसीचं बोलू, कारण तिथे मला हसू आलं. ती लस कोविशील्ड होती ना? जानेवारी २०२१ मध्ये दीड लाख डोस आणि मार्चमध्ये आणखी चार लाख, भारताने भूतानला भेट पाठवले होते, आणि बनल्या होत्या कुठे तर पुण्याला, सीरममध्ये, म्हणजे तुझ्या माहेरसासरपासून चार-पाच तासांवर. आता सांग, ह्याचं ऋण कोणाचं? पाठवणाऱ्याचं, बनवणाऱ्याचं, की ज्या नर्सने दुर्गम गावांत चालत जाऊन टोचली तिचं? देशांचे हिशेब असे एकमेकांत गुंतलेले असतात, तू एकटी वही घेऊन बसलीस तर आयुष्यभर बेरीज लागणार नाही. आणि क्वारंटाईनचं म्हणशील तर ते त्यांनी सीमेवर येणाऱ्या कितीतरी लोकांना दिलं, तुझं नाव बघून दिलं नाही. चांगलं वागले, फारच चांगलं वागले, मनापासून आभार मानावेत असंच वागले. पण ते कर्ज म्हणून दिलेलं नव्हतं. दिलेल्याला कर्ज म्हणणं हा एका अर्थी देणाऱ्याचा अपमानच आहे.

दुसरं म्हणजे तू तिथे पोचलेली पहिली भारतीय मॅडम नाहीस, आणि हे मी तुला कमी लेखायला नाही तर तुझ्या खांद्यावरचं ओझं हलकं करायला सांगतेय. १९६१ ला भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, पैसा भारताचा, आणि शाळा निघाल्या तेव्हा शिकवायला माणसंच नव्हती, मग केरळ, बंगाल, दार्जिलिंगकडून मास्तर गेले. सुरुवातीला तर शिकवायचे हिंदीतून, साठच्या दशकातच पुढे इंग्रजी माध्यम आलं, म्हणून तर तुझ्या शाळेतले कुणाचे आजोबा तुझ्याशी छान हिंदी बोलतात. (तुला वाटत असेल सिनेमामुळे. सिनेमामुळेही असेल.) ते मास्तर लोक कुठल्या कुठल्या दरीत राहिले, रस्ते नव्हते तिथे दिवसचे दिवस चालत गेले, एक पिढी शिकवली आणि परत आले. त्यांना कोणी कृतघ्न म्हटल्याचं मी तरी ऐकलं नाही. कारण भूतानचं धोरणच ते होतं, बाहेरचे मास्तर आणायचे आणि तोवर सामत्से आणि पारोच्या कॉलेजात आपले शिक्षक तयार करायचे. म्हणजे बाहेरून आलेला मास्तर एक दिवस जाणार हे त्यांनी पहिल्यापासून धरलेलं होतं. तू मात्र धरलं नाहीस.

आता कोणी राहिलंच नाही का, तर राहिले की. फादर विल्यम मॅकी, कॅनडाचे जेझुइट पंथाचे पाद्री, १९६३ ला गेले, पूर्वेकडे ट्राशिगांग, कांगलुंगला शाळा-कॉलेज उभारण्यात हयात घालवली, भूतानचं नागरिकत्व मिळालं आणि १९९५ ला थिंफूतच वारले. मला त्यांच्यातली आवडणारी गोष्ट राहण्यापेक्षा वेगळीच आहे, पाद्री असूनही आपल्याला शिकवायला बोलावलंय, धर्म वाढवायला नाही, ही मर्यादा त्यांनी पाळली. पाहुण्या मास्तराने यजमानाचं काही देणं लागत असेल तर मला ते हेच वाटतं. बाकी त्यांच्याशी तुलना करून स्वतःला छळू नकोस, त्यांना नाशिकला सासूबाई नव्हत्या आणि अकरावीतला मुलगाही नव्हता.

आणि एक साधा प्रश्न विचारते, चिडू नकोस. तू कधी तिथलं नागरिकत्व घ्यायचा विचार केलास का? त्यांच्या राज्यघटनेत निदान पंधरा वर्षं कायदेशीर वास्तव्य पाहिजे, जोंखा, म्हणजे त्यांची राष्ट्रभाषा, बोलता-लिहिता यायला पाहिजे, आणि भारताचा पासपोर्ट अर्थातच सोडावा लागेल. हे वाचून पोटात गोळा आला असेल तर तुझं उत्तर तुला मिळालं. तुझं त्या देशावर प्रेम आहे, पण कॉन्ट्रॅक्टवरचं. त्यात लाज काय? त्यांनीही तुला कॉन्ट्रॅक्टवरच घेतलंय, दोन्हीकडून व्यवहार स्वच्छ आहे, त्यात उगाच जन्मोजन्मीचं काही घालू नकोस.

पत्राच्या मधल्या भागात तू एक प्रसंग लिहिलायस, लग्नात कुणीतरी तुला भूतानमधून हाकललेल्या नेपाळी लोकांबद्दल विचारलं आणि तू भडकलीस, "ज्या देशाने मला एवढं दिलं त्याच्याबद्दल मी असलं ऐकून घेणार नाही" म्हणालीस आणि जेवण सोडून उठलीस. ह्यावर मात्र मी तुझ्या बाजूने नाही. १९९० च्या आसपास दक्षिणेतल्या नेपाळी भाषिक लोकांना देश सोडावा लागला, लाखभर माणसं नेपाळमधल्या छावण्यांत वर्षानुवर्षं राहिली आणि २००७ नंतर त्यातली बहुतेक अमेरिका वगैरे देशांत गेली, हे झालेलं आहे. शाळांतून नेपाळी भाषा शिकवणं बंद झालं तेही त्याच काळात, म्हणजे हा विषय तुझ्या धंद्याच्या अगदी जवळचा आहे. तिथे वर्गात उभं राहून तू ह्यावर भाषण द्यावंस असं मी म्हणत नाही, ते तुझं काम नाही आणि व्हिसावरच्या माणसाने ते करूही नये. पण नाशिकच्या मांडवात कुणी विचारलं तर "हो, झालंय, मला जेवढं माहीत आहे ते हे" एवढं म्हणायला काय हरकत होती? ज्या देशाचं मीठ खाल्लं त्याच्या वतीने खोटं बोलणं हे त्या देण्यात मोडत नाही. देशाची प्रगती लोकांच्या आनंदावर मोजायची, ही भूतानची सकल राष्ट्रीय आनंदाची कल्पना छान आहे, पण आनंदी देशातही दुःखं असतात आणि ती तुला तिथल्या स्टाफरूममध्ये माझ्यापेक्षा जास्त दिसली असणार.

सासूबाईंकडे येते. त्यांना सांग (म्हणजे सांगू नकोस, मनात म्हण) की बी.एड. झाल्यावर आपल्याकडे काय वाढून ठेवलं होतं. अनुदानित शाळेत चिकटायचं तर संस्थाचालक किती मागतात हे सगळ्या जिल्ह्याला माहीत असतं, आणि लागलंच तर तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून, कित्येक वर्षं प्राथमिकला सहा हजार आणि तुमच्या ज्युनियर कॉलेजला नऊ हजार महिना, ते २०२३ मध्ये कुठे १६ ते २० हजार झालं. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव टाकून वाट बघणाऱ्यांना विचार, नावच तेवढं पवित्र. ज्यांनी तुला वेटिंगवर ठेवलं असतं त्यांनी ऋणाची भाषा करू नये. आणि भूतानची पोरं परकी म्हणजे काय, न्यूटनचा नियम मनमाडला वेगळा असतो का? पण एक आहे, "आपली पोरं" ह्या बोलण्यात सासूबाईंना कदाचित गावची शाळा म्हणायचीच नसेल, घरातला एक पोरगा म्हणायचा असेल. त्याच्याकडे येतेच.

त्याआधी मुख्य गोष्ट. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि जिथे तू ऋणाबद्दल लिहितेस ती वाक्यं पाठ केल्यासारखी आहेत, जिथे तू सकाळी शाळेत चालत जाण्याबद्दल, लॅबमधल्या त्या जुन्या गॅल्व्हानोमीटरबद्दल, एमा दात्शी, ती मिरची-चीजची भूतानी भाजी, आता तुला आपल्या ठेच्यापेक्षा जास्त लागतं त्याबद्दल लिहितेस ती वाक्यं जिवंत आहेत. तिथे तू मॅडम आहेस. नाशिकला आलीस की तू सून, वहिनी, आणि "एवढी वर्षं कुठे होती गं" असं जिला विचारतात ती. तुला तिथलं आयुष्य आवडतं गं बाई! आणि नवरा, सासू, मुलगा सगळे इकडे असताना "मला तिथे राहायला आवडतं" असं म्हणायची आपल्या बायकांना सोय नाही, म्हणून मग ऋण, कर्तव्य, पोरांचं नुकसान असे मोठे शब्द पुढे करायचे. पुरुष सरळ म्हणतो प्रोजेक्ट आहे, जातो. तू पण म्हण. राहायचं असेल तर राहायचंय म्हणून राहा, त्याची जी किंमत आहे ती डोळे उघडे ठेवून दे, पण भूतानचं नाव पुढे करू नकोस, त्या बिचाऱ्या देशाला तुमच्या घरातल्या भांडणात पार्टी कशाला करतेस.

प्रिन्सिपल सरांची अडचण मात्र खरी आहे. २०१९ ला तिकडे शिक्षकांचे पगार इतके वाढवले की सरकारी नोकरांत सगळ्यात जास्त पगार त्यांचा झाला, तरी गेल्या काही वर्षांत शिक्षक राजीनामे देऊन पर्थला वगैरे जातच आहेत. गंमत बघ, ती जाणारी तरुण पोरंपोरी आणि तू, दोघांनाही हाच प्रश्न पडलेला असणार की जाऊ की नको, फक्त त्यांचा स्वतःचा देश आहे. त्यांना मी नावं ठेवणार नाही, आपल्या किती घरांतली मुलं टेक्सासला आहेत ते मोजून मग बोलावं. पण ही गळती तू दोन वर्षं थांबून बुजणार नाहीये. ती त्यांच्या सरकारने सोडवायची गोष्ट आहे, आणि तू थांबलीस तर दोन वर्षांनी सर पुन्हा हेच म्हणतील.

मग देणं काहीच नाही का? आहे. देशाचं नाही, ठराविक माणसांचं. सध्याच्या बारावीचं आहे, त्यांची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तू हलायचं नाहीस, नवऱ्याने ऑक्टोबरचं तिकीट काढलं तरी. नशिबाने त्यांचं वर्ष फेब्रुवारी ते डिसेंबर, त्यामुळे डिसेंबरला निघालीस तर कुणाचं वर्ष मध्ये तुटत नाही. अकरावीच्या पोरांना आत्ताच सांग, शेवटच्या आठवड्यात रडारड करत नको. आणि तुझ्या डिपार्टमेंटला जी नवी भूतानी मुलगी आलीय म्हणतेस, जी प्रॅक्टिकलला घाबरते, तिला आत्तापासून लॅबमध्ये बरोबर घे, तुझ्या नोट्स, प्रश्नसंच, बिघडलेली उपकरणं कशी चालवतेस ते जुगाड, सगळं तिच्या हवाली कर. ते तुझ्या डोक्यात राहिलं आणि तू निघून आलीस तर मात्र मी तुला बोलेन. नंतर वीचॅटवर डाऊट विचारतील तेव्हा उत्तर देशील ते तुझ्या हौसेचं, त्याचा नियम करू नकोस, नाहीतर नाशिकला बसून तू तिथेच राहशील.

सरांना सांगताना कारणांची यादी देऊ नकोस. "सर, डिसेंबरपर्यंत आहे, बारावीची परीक्षा करून जाईन, जागेची जाहिरात आत्ताच काढा" एवढंच. त्यांना सहानुभूतीपेक्षा चार महिने आधी मिळालेली नोटीस जास्त उपयोगाची आहे.

हे सगळं जायचं ठरलं तर. ठरलंय का? कारण पत्रात नवऱ्याचं मत आहे, सासूबाईंचं आहे, प्रिन्सिपलचं आहे, मुलाचं एक वाक्य नाही. सोळा वर्षांचा आहे ना तो? फोन करून सरळ विचार, "बारावीला मी घरात असलेली तुला हवी आहे का?" तो कदाचित म्हणेल नको, आजी बघते, तू आलीस तर फिजिक्स घेत बसशील. कदाचित गप्प बसेल, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ तुला कळेल, इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला पोरांचं गप्प बसणं कळतं. त्याला हवी असशील तर ये, आणि ते ऋण म्हणून नाही, आई म्हणून. त्याला नको असशील आणि तुला राहायचं असेल तर एक वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट घे, दोनचं नको, आणि घरी स्पष्ट सांग.

आणि हो, नवऱ्याने "डिसेंबरला ये" हे तुला न विचारता ठरवून टाकलं, तिथल्या घरमालकाला खोली सोडतोय म्हणून इकडून परस्पर फोनही केला, हे तू तीन ओळींत उरकलंयस. ते तीन ओळींचं नाहीये. त्याच्याबद्दल वेगळं पत्र लिही, आणि त्यात भूतान आणू नकोस.

तुझी ताई