जपानी गप्पा बंद करू नका, वेळ बदला

प्रश्न : मुलगी मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ॲनिमे (जपानी कार्टून मालिका) बघता बघता जपानी शिकली, भाषेच्या परीक्षेची एन५ ही पहिली पातळी पास झाली. आता इंटरनेटवर जपानी शिकणाऱ्यांच्या एका गटात रात्री बारापर्यंत बोलत बसते. एक एजंट जपानला पाठवतो म्हणून दोन लाख मागतोय. हा नाद थांबवावा का? — एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, गट सोडायला लावू नका. फक्त वेळ बदलायला सांगा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपल्याकडे रात्रीचे अकरा वाजतात तेव्हा तिकडे अडीच झालेले असतात. त्या वेळी जपानी माणूस क्वचितच भेटतो, शिकणारेच एकमेकांशी इंग्रजीत बोलत राहतात. संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा म्हणजे तिकडचे नऊ ते दहा. हा एक तास पुरे, आणि घरातही कुणाची झोप मोडणार नाही.

गट हवाच, कारण जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत कठीण) बोलणं नाही आणि लिहिणंही नाही, नुसते पर्याय निवडायचे असतात. त्यामुळे एन३ हातात असूनही मुलाखतीत दोन वाक्यं न जमणारी मुलं दिसतात. तिनं रोज पाच वाक्यं स्वतः रचून गटात टाकावीत, दुरुस्त करून घ्यावीत आणि दुरुस्त झालेली वाक्यं वहीत उतरवून मोठ्यानं वाचावीत.

मराठी मुलांना वाक्यरचना सोपी जाते. ‘मी भात खातो’ या क्रमानंच जपानी चालते, आणि ‘त्सुनामी’तला पहिला उच्चार आपल्या ‘चूल’मधल्या ‘च’सारखा आहे. अडतं ते लांबीवर. मराठीत ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घ नाही, म्हणून ‘कोको’ (इथे) आणि ‘कोओकोओ’ (हायस्कूल) कानाला एकच वाटतात. शब्द देवनागरीत लिहून पाठ केले की ही चूक पक्की होते. हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या येत असतील तर देवनागरी आजच सोडावी.

दुसरी अडचण ॲनिमेची. त्यातली पात्रं स्वतःला ‘ओरे’ आणि समोरच्याला ‘ओमाए’ म्हणतात. रंकाळ्यावर मैत्रिणीला ‘काय करायलाईस?’ विचारणं आणि मुलाखतीत साहेबांना तसंच विचारणं, एवढा तो फरक आहे. सहा महिने तिनं ‘देसु-मासु’ या आदरार्थी रूपातच बोलावं.

पुढची पायरी एन४. १८० पैकी ९० गुण लागतात, पण शब्द-व्याकरण-वाचनात १२० पैकी किमान ३८ आणि ऐकण्यात ६० पैकी किमान १९ हवेतच. एकूण शंभर मिळून ऐकण्यात अठरा पडले तरी नापास. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात, त्यामुळे सरावातही एकदाच ऐकून उत्तर निवडायची सवय हवी. रोज तीन कांजी (जपानीतली चित्रलिपीची अक्षरं) आणि दर रविवारी मागची उजळणी. जपान फाउंडेशनचं ‘इरोदोरी’ हे पाठ्यपुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, केंद्र पुण्यात आहे. वर्ग लावायचा असेल तर आधी शिवाजी विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात चौकशी करा.

आता नोकरीचं. नुसत्या भाषेवर दुभाषा किंवा अनुवादक व्हायचं तर एन२ तरी हवं. मुलीजवळ मात्र मेकॅनिकल आहे, आणि माझ्या मते तिची खरी ताकद तीच. जपानच्या इंजिनिअर व्हिसासाठी साधारणपणे पदवी किंवा दहा वर्षांचा अनुभव मागतात, त्यासाठी आपला तीन वर्षांचा डिप्लोमा सहसा पुरत नाही. म्हणून डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यावा आणि पदवीपर्यंत एन३ गाठावं. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत इंटर्नशिप मिळाली तर ‘कायझेन’ (सतत सुधारणा), ‘सेइरी’ (नको ते काढणं), ‘सेइतोन’ (जागच्या जागी मांडणं) हे शब्द तिथं रोजच्या कामात भेटतील.

एजंट बहुधा ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसाबद्दल बोलत असावा. हा मार्ग २०१९ पासून खरोखर आहे. पण त्याला कौशल्य परीक्षा आणि एन४ किंवा तेवढ्याच पातळीची भाषा परीक्षा लागते. या व्हिसाच्या पहिल्या प्रकारात साधारणपणे एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. एन५वर कुणी खात्री देत असेल तर पैसे देऊ नका. परदेशी नोकरीच्या एजंटला भारत सरकारचा परवाना लागतो. तो नंबर मागा आणि सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. परवानाधारकालाही उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दोन लाख कशाचे, हे त्याच्याकडून लेखी घ्या. तोवर मुलीचा मूळ पासपोर्ट घराबाहेर जाऊ देऊ नका.