डोळ्यांना दिसलेला चट्टा आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच

वडिलांच्या दंडावरचा फिकट चट्टा बधिर आहे. त्वचारोगतज्ज्ञ कुष्ठरोग म्हणतात, बायोप्सीच्या रिपोर्टात मात्र ‘अविशिष्ट दाह’. खरं कुणाचं? (लालबाग)

चट्टा तपासणीत नक्की बधिर ठरला असेल, तर तज्ज्ञांचं. निदानाला तेवढी खूण पुरते. बायोप्सीचा तुकडा जेमतेम चार मिलिमीटरचा. सुरुवातीच्या अवस्थेत त्यात रक्तवाहिन्या आणि घर्मग्रंथींभोवती थोड्या लसिका पेशी दिसतात, आणि त्या तर डझनभर त्वचारोगांत दिसतात. चेतातंतूत शिरलेल्या पेशी सापडल्या तर संशय बळावतो. पण तुकडा उथळ घेतला असेल तर चेताच हाती लागत नाही. रिपोर्टात ‘कुष्ठरोग नाही’ असं कुठेही म्हटलेलं नाही, हे लक्षात घ्या. आणखी काप पाहून फाइट रंजन (कुष्ठरोगाचे जंतू रंगवून दाखवणारी पद्धत) करता येईल का, एवढं विचारा. त्यासाठी औषधं मात्र अडवून ठेवू नका.

डॉक्टरांनी तपासून कुष्ठरोगाचा ‘बीटी’ (बॉर्डरलाइन ट्यूबरक्युलॉइड) प्रकार सांगितला, बायोप्सीचा रिपोर्ट ‘बीएल’ (बॉर्डरलाइन लेप्रोमॅटस) आला. लॅब बदलू का? (मुलुंड)

नको. रिडली-जॉपलिंग यांच्या 1966च्या वर्गीकरणात पाच प्रकार आहेत. टोकांना सहसा वाद नसतो. ट्यूबरक्युलॉइड टोकाला चेता पोखरणाऱ्या घट्ट गाठी आणि जंतू जवळपास नाहीतच. लेप्रोमॅटस टोकाला जंतूंनी गच्च भरलेल्या फेसाळ पेशी, आणि बाह्यत्वचेखाली एक मोकळी पट्टी. मधले तीन प्रकार मात्र रुग्णाच्या प्रतिकारशक्तीनुसार सरकत राहतात. एकाच अंगावरचे दोन चट्टे वेगळं उत्तर देतात, हे आम्ही नेहमी पाहतो. म्हणून असा रिपोर्ट आला की मी आधी विचारतो: तुकडा कुठल्या चट्ट्याचा, जुन्या की नव्या? त्या वेळी रिअ‍ॅक्शनची, म्हणजे प्रतिकारशक्ती अचानक उसळल्याची, सूज होती का?

औषधाचा हिशेब वेगळा: पाचपर्यंत चट्टे असतील तर सहा महिने, त्याहून जास्त असतील किंवा जंतू सापडले तर बारा. दोन मतं असतील तेव्हा मी बाराकडे झुकतो. कमी उपचार महागात पडतो.

कानाच्या पाळीचा स्मिअर (त्वचेतला द्रव काचेवर पसरून कुष्ठरोगाचे जंतू शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आला. सुटलो ना? (कुर्ला)

नाही. कमी जंतूंच्या प्रकारांत स्मिअर निगेटिव्हच येतो. कोपराजवळची नस जाड झाली आहे का, करंगळी बधिर आहे का, हे तपासून घ्या. पालिकेच्या दवाखान्यात किंवा वडाळ्याच्या अ‍ॅकवर्थ रुग्णालयात दाखवा. औषधं मोफत मिळतात.