सड्यावरची सायकल : वाचकांचे प्रश्न

वाकलेलं हँडल, जाड टायर आणि डिस्क ब्रेक अशी ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांवर चालवायची सायकल, आता कोकणातही दिसू लागली आहे. आलेल्या पत्रांमध्ये बहुतेकांचा सूर एकच आहे : हायवेवर ट्रक-ट्रेलरच्या बाजूने चालवायची नाही, मग चालवायची कुठे? त्यामुळे सुरुवात त्याच प्रश्नाने.

प्रश्न : माझा भाचा जर्मनीत आल्प्सच्या पायथ्याशी, आल्गॉय भागात राहतो. तिथल्या कच्च्या रस्त्यांवर तो दिवसभर सायकल चालवतो आणि एक गाडी आडवी येत नाही म्हणे. आपल्या रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात असं काही शक्य आहे का? (लांजा)

शक्य आहे, मात्र वाट शोधण्याची रीत वेगळी आहे. तिकडचे जंगलातले रस्ते लाकूड आणण्यासाठी बांधलेले असतात. खडी आणि तिचाच भुगा दाबून केलेला पृष्ठभाग, पाणी उतरायला मधे थोडा उंचवटा आणि वनखात्याच्या किंवा शेतकऱ्याच्या गाडीखेरीज मोटारींना बंदी. निसर्गात फिरण्याचा हक्क तर बव्हेरियाच्या १९४६च्या राज्यघटनेतच लिहिलेला आहे.

आपल्याकडे असा बांधलेला रस्ता नाही. आहेत ते सडे. खाडीपासून १००-१५० मीटर चढून वर आलात की जांभ्याचं सपाट पठार लागतं. त्यावरून एका वाडीतून दुसरीकडे जाणाऱ्या जुन्या बैलगाडीच्या वाटा, गुरांच्या वाटा आणि आंब्याच्या बागांकडे जाणारे तांबडे रस्ते असतात. डांबरी रस्ता सड्याला वळसा घालून गेला की या वाटा मोकळ्या राहतात. दुसरी जागा म्हणजे खाडीकाठची खारबंदिस्ती. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध पूर्ण सपाट असतो, पण उघाडीपाशी, म्हणजे पाणी सोडायच्या दारापाशी, माती खचलेली असते. तिथे उतरून सायकल हातात धरूनच पलीकडे जावं.

शोधताना उपग्रहाचं चित्र मे महिन्यातलं मिळालं तर उत्तम, कारण गवत वाळल्यावर वाट ठळक दिसते. मग जवळच्या वाडीत विचारा. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सडा उघडा दिसला तरी बहुतेक ठिकाणी तो कुणाच्या तरी सामाईक मालकीचा असतो. गडग्याला (दगडी कुंपणाला) बांबूचं बेडं, म्हणजे फाटक, असेल तर जाताना जसं होतं तसं परत लावा. बेडं उघडं राहिलं की गुरं कलमांत शिरतात आणि पुढच्या सायकलवाल्याला ती वाट कायमची बंद होते. मार्च ते मे या दिवसांत बागेच्या रस्त्यांवर सकाळी आंब्याच्या पेट्यांचे पिकअप धावतात, तेव्हा ते रस्ते टाळून सड्याच्या वाटा धरा.

एक धोका नकाशात दिसत नाही : चिरेखाण, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे ठोकळे (चिरे) काढण्याची खाण. चिरे काढून सोडून दिलेल्या खाणीची भिंत सरळ उभी असते, काठाला कुंपण नसतं आणि वाट कधी कधी थेट काठाशी येऊन संपते. नवी वाट पहिल्यांदा दिवसाउजेडी आणि हळूच चालवून पाहावी.

प्रश्न : ३५ मिमीचे टायर आहेत, आतमध्ये ट्यूब. सड्यावर गेलो की दर वेळी पंक्चर. दुकानदार म्हणतात हवा जास्त भरा. ७० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून पाहिली, तर सायकल उडते आणि पंक्चर थांबत नाही. (देवगड)

आधी पंक्चर कसलं आहे ते पाहा. ट्यूब काढून थोडी हवा भरा. शेजारी शेजारी दोन भोकं असतील तर टायर दगड आणि रिम यांच्यात चेपला गेला. एकच बारीक भोक असेल तर काटा, बहुतेक करवंदीचा किंवा बोरीचा. अशा वेळी टायरच्या आतून चिंधी फिरवा. काट्याचं टोक रबरात अडकून राहिलं असेल तर चिंधी तिथे अडते. बोट फिरवू नका.

आता जांभ्याचा स्वभाव. नवा खणलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहून तो कठीण होतो. सड्याचा पृष्ठभाग शतकानुशतकं उघडा आहे. म्हणून तो लोखंडासारखा कडक असतो, त्यात पोकळ्या असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. हवा कमी असेल तर या कडेवर रिम आपटते. हवा खूप जास्त असेल तर टायर दबतच नाही, सगळा भार त्या एका धारेवर येतो आणि टायर कापला जातो. तुमच्या अरुंद टायरला दोन्हींच्या मधली जागाच फार थोडी मिळते. उपाय रुंदीत आहे. फ्रेम आणि टायर यांच्यात दोन्ही बाजूंना किमान ४ ते ५ मिमी मोकळं राहत असेल तर ४२ किंवा ४५ मिमीचा टायर घाला.

माणसाचं वजन ७० किलो आणि टायर ४२ मिमी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला) असेल तर पुढे ३०, मागे ३४ पीएसआयपासून सुरुवात करा. ट्यूब असेल तर दोन्हीकडे ५ वाढवा. एकच ओळखीचा अर्धा किलोमीटर निवडा आणि दर फेरीला २ पीएसआय कमी करत जा. रिम दगडावर ठक्कन वाजली की ३ वाढवा आणि तो आकडा लिहून ठेवा. पंपाचा काटा आणि दुकानातला काटा यांत फरक असतो, त्यामुळे नेहमी आपल्याच पंपाने मोजा.

ट्यूबलेस केलंत तर दर चाकाला ६० ते ८० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) लागतं. कोकणच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकून त्याचे रबरी गोळे होतात. व्हॉल्व्हचा गाभा काढून आत पातळ काडी घाला. ओली निघाली तर ठीक, कोरडी निघाली तर निम्मं नव्याने भरा. जमिनीला टेकणाऱ्या भागातलं भोक सीलंटने किंवा रबरी वातीने बुजतं. जांभ्याने टायरची बाजूची भिंत कापली तर वात टिकत नाही. तेव्हा आतून टूथपेस्टच्या ट्यूबचा तुकडा लावून, ट्यूब घालून घरी यावं. हा तुकडा आणि एक ट्यूब खोगिराखालच्या पिशवीत कायम असू द्या.

प्रश्न : खाडीतून सड्यावर चढताना गुडघे भरून येतात. पुढच्या चक्रांना ५०/३४, मागच्या चक्रांना ११-२८ दात आहेत. व्यायाम कमी पडतोय का? (गुहागर)

व्यायाम नव्हे, गिअर. ३४ दात पुढे आणि २८ मागे म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाक १.२१ फेरे फिरतं. चाकाचा घेर सुमारे २.१५ मीटर धरला तर मिनिटाला ६० फेऱ्या राखायला ताशी ९.४ किलोमीटर वेग लागतो. १० टक्के चढावर, सैल मुरमात, तेवढा वेग बहुतेकांना झेपत नाही. मग पाय ४० फेऱ्यांवर येतात आणि दर फेरीचा जोर गुडघ्यावर पडतो. मागे ११-३४ लावलंत तर तोच ताल ताशी ७.७ किलोमीटरला जमतो. त्यासाठी मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा) पिंजरा लांब असावा लागतो. दुकानात ‘कमाल ३४ दात, एकूण क्षमता ३९’ असं विचारा. हिशेब असा : (५० उणे ३४) अधिक (३४ उणे ११). चेनही नवी आणि लांब लागेल. जुनी तशीच ठेवून पुढचं आणि मागचं दोन्ही मोठी चक्रं एकदम पडली तर डिरेलर उपटून निघतो.

प्रश्न : पावसाळ्यात डिस्क ब्रेक किंचाळतात, पॅड दोन महिन्यांत संपले. (चिपळूण)

तांबड्या मातीचं पाणी म्हणजे पॅडसाठी पॉलिश पेपरच. रेझिनचे पॅड त्यात भराभर झिजतात. धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड जास्त टिकतात. पण आधी रोटरवर (पॅड जिला घासतात त्या धातूच्या चकतीवर) पाहा : ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर सिंटर्ड लावू नका, रोटर खराब होईल. नवे पॅड घातल्यावर ताशी २० च्या वेगावरून चालण्याच्या वेगापर्यंत वीसेक वेळा हळूहळू ब्रेक दाबा, चाक अडू देऊ नका. जाडी अर्धा मिलीमीटर राहिली की पॅड बदला. चेनला तेल फवाऱ्याने मारू नका. एक थेंब रोटरवर गेला तरी ब्रेक जातो आणि पॅड पुन्हा पूर्ववत होत नाही.

प्रश्न : श्रावणात सडा हिरवागार असतो. तेव्हा चालवावी का? (राजापूर)

चालवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ओल्या कातळावर शेवाळ असतं आणि गवताखाली पोकळ्या दिसत नाहीत. शिवाय या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, उक्षी अशा कोकणातल्या ठिकाणांचा समावेश २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत झाला. कित्येक रेषा बोटभर खोल असतात आणि गवतात अजिबात दिसत नाहीत. कोरड्या दिवसांतही अशा जागी सायकल खाली ठेवून पायी जावं. सड्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पाणी मात्र घरूनच न्या, तीन तासांना किमान दोन लिटर. जांभा पाणी धरत नाही, वाटेत विहीर दिसली तरी तिला पाणी असेलच असं नाही.

प्रश्न : उताराला सैल तांबड्या खड्यांवर पुढचं चाक निसटतं. (मालवण)

कडक कातळावर गोट्यांसारखे पसरलेले हे खडे चाकाखाली घरंगळतात. वेग वळणाआधी कमी करा, वळणात ब्रेक सोडून द्या. हात हँडलच्या खालच्या वाकड्या भागावर असू द्या, तिथून एका बोटाने ब्रेक पुरतो. वजन मागे नेताना पुढचं चाक हलकं करू नका. नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते.

प्रश्न : ओहोटीला गुहागरच्या किनाऱ्यावर सायकल चालवता येते का? (पुणे)

ओल्या, घट्ट वाळूवर चालते. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते, ती पाहून निघा. पण लाटेच्या पाण्यात चाक घालू नका, आणि घरी पोचताच गोड्या पाण्याने सायकल धुवा. पाणी हलकं सोडा, जोराची धार बेअरिंगमध्ये मीठ आत ढकलते. चेन पुसून सुकवून तेल द्या. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) दर दोन महिन्यांनी काढून ग्रीस लावा, नाहीतर खाऱ्या हवेत ती फ्रेमला धरून बसते.

प्रश्न : मुंबईहून सायकल रेल्वेने आणावी का? (डोंबिवली)

लगेज म्हणून ब्रेकव्हॅनमध्ये आणता येते. मोठ्या स्थानकावर, उदाहरणार्थ रत्नागिरीला उतरवा. लहान स्थानकावर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात ब्रेकव्हॅन उघडून सायकल काढणं जमत नाही. पायडल काढून ठेवा, मागच्या डिरेलरवर पुठ्ठा बांधा. डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, म्हणजे सोडवताना पाना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा.