चुन्याची पिशवी अजून फोडू नका

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पर्वरीला नवीन घर झालंय, कंपाउंडात लाल माती आहे, मिरची-वांग्याची कोवळी पानं पिवळी पडतायत पण शिरा हिरव्याच आहेत, आणि कुणीतरी चुना घालायला सांगितलंय. वाचून राहवलं नाही, आमच्याकडे अगदी हेच झालं होतं.

वाफे, शेणखत वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच, त्यात जात नाही. गोव्याची माती आम्लधर्मी हे सगळ्यांना पाठ असतं आणि खरंही आहे, एवढ्या पावसात कॅल्शियम-मॅग्नेशियम धुऊन जातं. पण ती गोष्ट भाटातल्या, म्हणजे माडाबागायतीतल्या मातीची. नव्या घराभोवती निम्मी माती आणि निम्मा बांधकामाचा कचरा असतो, प्लास्टरचे पोपडे, काँक्रीटचे तुकडे, गवंड्यांनी घमेली धुतली तीही तिथेच. त्या सिमेंटने पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, सातच्या वर गेला की माती आंबट उरत नाही) वर जातो, मग मातीत लोह भरपूर असूनही झाडाला ते घेता येत नाही आणि आधी नवीन पानं पिवळी पडतात. नत्र कमी असेल तर उलट, खालची जुनी पानं आधी जातात. चुन्यानेही पीएच वरच जातो, त्यामुळे त्यावर आणखी चुना म्हणजे आगीत तेल.

मी त्या वेळी एका सरकारी कार्यालयात गेले होते, नाव घेत नाही. आधी एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा सातबारासारखा कागद) मागितला, मग शेतकऱ्यांना मिळतं ते कृषी कार्ड, आता घराच्या परसातल्या चार वाफ्यांना कार्ड कुठून आणायचं? रोप मुळासकट पिशवीत घालून नेलं होतं, ते बाहेर काढून बघितलंसुद्धा नाही, बसल्या जाग्यावरून 'गोंयची माती आंबट आसता, चुनो घालात' आणि विषय संपला. मातीचा नमुना ठेवून घेतला खरा, पण रिपोर्ट आला तो पावसाळा लागल्यावर, पीएच आठच्या वर! तोवर चुना पडून गेला होता. उन्हाळ्याची भाजी गेली त्याचं एवढं नाही, पण चुना एकदा मातीत मिसळला की परत काढता येत नाही, ते वाफे पुढे कितीतरी दिवस रडत होते. पानं बघायला एक मिनिट लागलं असतं हो. अजून आठवलं की संताप होतो.

तर आज एवढं करा. भिंतीजवळची चमचाभर कोरडी माती ग्लासात घ्या, वर माडाचं व्हिनेगर ओता. बुडबुडे येऊन फसफसलं तर मातीत चुना आहेच, आणखी घालायचा प्रश्नच नाही. फसफसलं नाही म्हणून माती आंबट असंही नाही हं, त्याला लॅबच पाहिजे. नमुना पाच-सहा जागांवरून वीतभर खोल घ्या, सावलीत वाळवा, आणि भिंतीलगतच्या मातीची पिशवी वेगळी ठेवा, एकत्र केलीत तर रिपोर्टला अर्थ नाही. जुन्या गोव्यात एलाला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) संस्था आहे, तिथे चौकशी करून बघा. मी काही शेतीतज्ज्ञ नाही, त्यांचं म्हणणं वेगळं असेल तर त्यांचंच ऐका.

माझं मत विचाराल तर यंदा भिंतीपासून तीन-चार हात सोडूनच वाफे धरा. डबर हाताने वेचून काढा, कंटाळवाणं काम आहे पण दुसरा इलाज नाही. ट्रकने माती मात्र मागवू नका, बहुतेक वेळा डोंगर कापलेली खालची मुरमाड माती येते, तिच्यात काही जीव नसतो. आयर्न चिलेट (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) फवारलं तर पानं हिरवी होतील, पण ते तात्पुरतं. तोवर ग्रो-बॅगेत तांबडी भाजी (लाल माठ) पेरा, महिन्याभरात काढायला येते.

आणि आता काजू-आंब्याचा पाला पडतोय तो शेजाऱ्यांना जाळू देऊ नका, मागून आणा आणि वाफ्यांवर जाड पसरा, एप्रिल-मेमध्ये पाण्याची बोंब होते तेव्हा तोच उपयोगी पडतो. भेंडी-दोडक्याचे वाफे मे महिन्यातच उंच करून ठेवा, पाऊस लागल्यावर त्या चिखलात कुदळ चालत नाही.