महापे एमआयडीसीत कंत्राटी हेल्पर आहे. किमान वेतनापेक्षा कमी मिळतं, पण कंत्राटदार म्हणतो, ‘तू कबूल करून सही केलीस.’ आता काही करता येईल का?

नक्की येईल. सही केली म्हणून किमान वेतनाचा हक्क जात नाही. तसा करार कायद्यापुढे टिकतच नाही. 1948 च्या किमान वेतन कायद्यात हे होतं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही आहे. दिल्लीच्या एशियाड क्रीडास्पर्धेच्या बांधकामावरील कामगारांच्या खटल्यात 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेण्याला वेठबिगारी म्हटलं.

खात्यात पूर्ण पगार टाकायचा आणि एटीएमबाहेर उभं राहून त्यातले काही रोख परत घ्यायचे, असंही काही कंत्राटदार करतात. ही सरळ लूट आहे. तसं होत असेल तर पासबुकाच्या नोंदी, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, हजेरी कार्डाचे फोटो आजपासूनच जपा. किमान वेतनाचा दर बघताना मूळ वेतनात विशेष भत्ता (महागाईनुसार ठरणारी रक्कम) धरा, तो जानेवारी-जुलैत बदलतो. ओव्हरटाइमचा दर दुप्पट असतो.

दावा तीन वर्षांच्या आत करायचा. सुरुवात ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयातून करा. अर्जात कंपनीचंही नाव घाला, कारण कंत्राटदाराने हात वर केले तर कमी दिलेली रक्कम कंपनीला द्यावी लागते. आणि शक्यतो चार-पाच जण मिळून जा, एकट्याला गेटवर अडवणं सोपं असतं.