अकरा वर्षांच्या मुलीसाठी सायकल घेताना काय बघावं? बजेट दहा हजार. गिअरची घ्यावी का, कोणत्या कंपनीची, आणि थोडी मोठी घेतली तर चालेल का?

तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि बाकीचे प्रश्न बाजूलाच राहिले. नाही चालणार. मुलगी आज जेवढी आहे तेवढ्या मापाची घ्या.

मी सांगलीचा. १९८९ साली आठवीत गेलो, शाळा लांब पडायला लागली म्हणून अण्णांनी सायकल घ्यायचं ठरवलं. दुकानात अण्णा आणि दादा गेले. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. मला नेलंच नाही. तेव्हा त्या काळ्या सायकलींत २२ आणि २४ अशी मापं असायची, ती फ्रेमची. चाक दोन्हींना २८ इंचीच. माझ्या उंचीला २२ सुद्धा मोठीच झाली असती. दादा म्हणाला, "वाढतं अंग आहे, २४ घ्या, कॉलेजपर्यंत बघायला नको." आमच्या घरी शर्ट, चपला, सगळंच वाढत्या मापाचं यायचं, त्यामुळे अण्णांना ते पटलं.

सीटवर बसलं की खाली गेलेल्या पायडलपर्यंत पाय पोचायचा नाही. तीन-चार महिने नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारलं. मग नळीच्या वर आलो, पण सीटवर न टेकता, डावीकडे-उजवीकडे झुलत. नडगीवर चेनच्या चक्राचे दात लागून झालेली खूण अजून आहे.

उसाचा हंगाम सुरू झाला होता. सांगलीवाडीहून आयर्विन पुलावरून घरी येत होतो, पुढे उसाच्या बैलगाड्या. एक गाडी मध्येच थांबली. मी ब्रेक दाबले, सायकल जागच्या जागी थांबली. ब्रेक उत्तम होते. पण थांबल्यावर पाय टेकायचा तर जमीन चार बोटं खाली. वीस किलोच्या वरचं ते धूड डावीकडे कललं, मी आधी नळीवर आपटलो आणि मग तोंड कठड्यावर. समोरचा दात अर्धा गेला.

घरी दादानं सायकल फिरवून बघितली आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही. हाच घाबरट आहे." अण्णा काही बोलले नाहीत. त्यानंतर दहावीपर्यंत मी शाळेत चालत गेलो आणि ती सायकल दादानं वापरली. पस्तीस वर्षं दर दिवाळीला हा किस्सा घरात निघतो, आणि दर वेळी शेवट त्याच वाक्यावर होतो. म्हणून इथे लिहितो: मी घाबरट नव्हतो. माप चुकलं होतं.

२०१९ मध्ये माझी मुलगी तुमच्या मुलीएवढी होती. दादा हौसेनं दुकानात आला आणि आल्या आल्या म्हणाला, "२६ ची घे, २४ दोन वर्षांत लहान होईल." आता दुकानात २४, २६ म्हणतात ते चाकाचं माप, फ्रेमचं नव्हे. हा फरक त्याला अजूनही मान्य नाही. दुकानदारानं लगेच जाड टायरची, पुढे-मागे सस्पेन्शनवाली, २१ गिअरची सायकल काढली. तसलीच शेजाऱ्यांकडे होती आणि ती मी आदल्या दिवशी घरच्या वजनकाट्यावर तोलली होती. मुलीला आधी नुसतं उभं केलं, मग सायकल उचलून धरायला लावली. सायकल १७ किलो, मुलगी ३१. सत्तर किलोच्या माणसाला अडतीस किलोची सायकल देण्यासारखं झालं हे. वर पायडल मारताना थोडा जोर त्या स्प्रिंगा दाबण्यातच जातो.

आम्ही २४ ची, बिनगिअरची, साध्या रबरी ब्रेकची घेतली. घेण्याआधी तिला नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं: दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकले आणि नळीच्या वर दोन-तीन बोटं जागा राहिली. सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे टेकले. मग टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली नेलं, तर गुडघा जेमतेम सरळ झाला. ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पोचत नव्हती. दांडीच्या मुळाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत पिळला की दांडी हँडलजवळ येते. दुकानातल्या पोराला हे सांगावं लागलं. तिनं गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, थांबली, पाय टेकला, परत निघाली. मी तेवढंच बघत होतो.

कंपनी मी सगळ्यात शेवटी बघेन. सायकल खोक्यातून येते आणि घाईत जोडली जाते, त्यामुळे जोडणी बघा. पुढचं चाक धरणारा चिमटा उलटा बसवलेल्या नव्याकोऱ्या सायकली मी रस्त्यावर पाहिल्यात. चिमट्याचा बाक पुढच्या दिशेला हवा. चाक उचलून फिरवा, रिम ब्रेकच्या रबराजवळ डावी-उजवीकडे नाचत असेल तर तिथल्या तिथे आऊट काढून, म्हणजे चाक सरळ करून घ्या. डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. तो जोर करून तिरका बसवलेला असला तर क्रँकच, म्हणजे पायडल ज्यात बसतं तो दांडाच, बाद होतो. महिनाभरानं परत नेऊन सगळं आवळून घ्या, बहुतेक दुकानात पहिली सर्व्हिस फुकट असते.

गिअरचं म्हणाल तर सांगलीत चढ असा नाहीच, एखादा रेल्वेचा पूल सोडला तर, त्यामुळे माझं मत इथल्या रस्त्याचं आहे. तुम्ही रत्नागिरीत किंवा साताऱ्यात असाल तर गिअर घ्या, पण मागचे सहा-सात पुरतात. आणि मुलगी दीडशे सेंटिमीटरच्या पुढे असेल तर २६ सुद्धा तिला बरोबर बसेल, लहान फ्रेमची बघा. उंची वाढली की सीट वर घेता येते, फक्त सीटच्या दांड्यावर एक आडवी रेघ असते, ती बाहेर दिसता कामा नये.

आमची ती सायकल साडेतीन वर्षं चालली. दोन वर्षांत लहान झाली नाही. आता दादाची नात चालवते, आणि तिच्यासाठी सीट खाली करून घ्यायला दादा स्वतः माझ्याकडे घेऊन आला होता.

सरप्राइज वगैरे देऊ नका. मुलीला दुकानात सोबत न्या.