पगारातले २०० रुपये कुणाला द्यायचे?

या महिन्यात एकाच विषयावरची तीन पत्रं आली, जळगाव, धुळे आणि शिरपूरहून, म्हणून तिन्ही एकत्रच घेते. मी स्वतः १९ वर्षं जळगावला एका सीएच्या ऑफिसात ट्रस्टची ऑडिटं केली, संस्थांची दप्तरं आतून बघितलेली आहेत, त्या अनुभवावरून सांगतेय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी जळगाव एमआयडीसीत पाइपच्या कंपनीत क्वालिटीला आहे, हातात २६ हजार पडतात. मागच्या महिन्यात एचआरने एक फॉर्म दिला, दर महिन्याला पगारातून कमीत कमी २०० रुपये कापून संस्थेला जातील आणि जेवढे आपण देऊ तेवढेच कंपनी टाकेल. सोबत चार संस्थांची यादी आहे, एक पुण्याची अनाथ मुलांची, एक मुंबईची कॅन्सर पेशंटसाठी, एक नंदुरबारकडे वसतिगृह चालवणारी आणि एक झाडं लावणारी. पत्रकं सगळ्यांची भारी, फोटो बघितले की चारही बरोबर वाटतात. काही मित्र म्हणतात चौघांना ५०-५० देऊन टाक, काही म्हणतात हे सगळं कंपनीचं टॅक्स वाचवायचं काम आहे, आणि वडील म्हणतात गावात द्यायचं सोडून बाहेर कशाला. मला मनापासून द्यायचेत पण कुणाला ते कळत नाही. टॅक्स किती वाचेल तेही सांगा.
— एक वाचक, जळगाव

उत्तर : भाऊ, आधी टॅक्सचं उरकून टाकू. तुमच्या पगारावर सध्या टॅक्स बसतच नाही, त्यामुळे वाचायचाही प्रश्न नाही. ज्यांना बसतो त्यांनाही नव्या करपद्धतीत ८०जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी सूट नाही, जुनी पद्धत निवडली असेल तरच आहे, आणि तीही बहुतेक संस्थांच्या बाबतीत दिलेल्या रकमेच्या निम्म्यावर. म्हणजे वर्षाचे २४०० दिले तर १२०० रुपये उत्पन्नातून वजा होतात आणि २० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाचे वाचतात साधारण २५० रुपये. एवढ्यासाठी संस्था निवडू नका. आणि तुमच्या मित्रांना सांगा, तुमच्या पगारातून गेलेला पैसा तुमचा आहे, तो कंपनीच्या नावावर लागत नाही. मोठ्या कंपन्यांना कायद्याने नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर, म्हणजे समाजाच्या कामांवर खर्च करावीच लागते, ते खातं वेगळं, आणि बरोबरीची रक्कम त्या खात्यातून येत असली तरी संस्थेला २०० चे ४०० मिळतायत हे चांगलंच आहे.

पावतीचं मात्र आत्ताच विचारून ठेवा. कंपनी सगळ्यांचे पैसे एकाच चेकने पाठवते आणि कुणाचे किती ही यादी पॅन नंबरसकट संस्थेला दिली नाही तर पावती कंपनीच्या नावाने फाटते, हे मी कितीदा बघितलंय. संस्थेने देणगीदारांची यादी ३१ मेपर्यंत इन्कम टॅक्सकडे भरायची असते आणि त्यावरून १०बीई नावाचं प्रमाणपत्र निघतं, ते तुमच्या नावाने यायला पाहिजे. तुम्हाला टॅक्ससाठी लागत नसलं तरी मागा, कारण जी संस्था हे वेळेवर देते तिचं ऑफिस जागेवर आहे असं समजायला हरकत नाही. पैसे मध्ये एखाद्या ऑनलाइन एजन्सीमार्फत जात असतील तर ती किती टक्के कापून घेते हेही एचआरलाच विचारा.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी माघात मी एका मैत्रिणीबरोबर नंदुरबार जिल्ह्यात धडगावच्या पुढे एका वसतिगृहात गेले होते, ऑडिटला नाही, सहजच. दिवाळी झाली की तिकडचे कितीतरी आईबाप ऊसतोडीला गुजरातेत जातात, लेकरू सोबत गेलं की शाळा सुटते, म्हणून ते वसतिगृह. ४६ मुलं होती. कोठीत गेले तर भिंतीला लागून ब्लँकेटच्या गठड्या पार छतापर्यंत, मोजली तर १४० ब्लँकेटं, तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच डिसेंबरात आलेली, कितीकांची प्लास्टिकही फोडलेली नव्हती. आणि तिथंच खिळ्याला सुतळीने टांगलेली एक वही, तिच्यात स्वयंपाकाच्या मावशीच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेलं, नोव्हेंबर बाकी, डिसेंबर बाकी, जानेवारी बाकी. मावशी चुलीपुढेच बसलेली होती, भाकरी थापत, तिने पहिली भाकरी आम्हा दोघींना अर्धी अर्धी करून दिली. ती भाकरी मला गिळवेना.

ब्लँकेट द्यायला माणसं मिळतात, एक दिवस येतात, वाटप होतं, फोटो निघतो. मावशीचा पगार मात्र दर महिन्याच्या १ तारखेला लागतो आणि जूनमध्येही लागतो, तेव्हा कुणी येत नाही. म्हणून पगारातून कापून जाणारा पैसा मला फार मोलाचा वाटतो, तो न मागता दर महिन्याला येतो आणि संस्थेला पुढच्या महिन्याचं धरून चालता येतं. तुमच्या डिपार्टमेंटच्या ३० जणांनी मिळून एकच संस्था धरली तर तुमचे ६००० आणि कंपनीचे ६००० असे महिन्याला १२ हजार होतात, त्यात एका माणसाचा पगार वर्षभर भागतो. तेच चौघांत वाटले की कुणाचंच काही धड भागत नाही. तेव्हा ५०-५० करू नका, एकच धरा, निदान तीन वर्षं धरा, आणि शक्य असेल तर मित्रांना सोबत घ्या.

यावरून पत्रकातल्या एका वाक्याबद्दल सांगते. ‘आमचा एकही रुपया पगारावर खर्च होत नाही’ असं छापलेलं दिसलं की लोकांना बरं वाटतं, मला काळजी वाटते. वसतिगृहात काम म्हणजे गृहमाता, मावशी, शिकवणारी पोरगी, हीच माणसं, त्यांना पगार नाही तर मग काम कोण करतंय? खर्चात खोट असू शकते, असतेही, पण ती पगाराच्या ओळीत शोधण्यापेक्षा ‘इतर खर्च’ आणि ‘प्रवास’ या ओळी बघा, मी तरी तिथूनच सुरुवात करायची.

कागद कुठले बघायचे? धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, म्हणजे पीटीआरचा उतारा, ८०जीचं पत्र आणि त्याची मुदत, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा नंबर, आणि मागच्या दोन वर्षांचे शेड्यूल आठ आणि नऊ, आठ म्हणजे ताळेबंद, नऊ म्हणजे जमाखर्च. आपल्याकडे अजून एक दुखणं आहे, विश्वस्त बदलल्यावर चेंज रिपोर्ट भरावा लागतो आणि जुन्या संस्थांत दोन गटांची भांडणं लागून तो वर्षानुवर्षं अडकलेला असतो, मग सहीचा अधिकार कुणाचा यावरच बँक खातं बंद पडतं आणि देणगी तशीच पडून राहते. म्हणून फोन करून सरळ विचारा, सध्याच्या विश्वस्तांची नावं पीटीआरवर आहेत का. ज्याच्याकडे आहे तो लगेच हो म्हणतो.

आणि कागदांपेक्षा मला एका प्रश्नातून जास्त कळतं. संस्थेला फोन लावा, ऑफिसातल्या माणसाला नाही तर काम करणाऱ्या माणसाला मागा, आणि विचारा की मागच्या वर्षी काय जमलं नाही. जो रोज त्या मुलांत, त्या पेशंटांत असतो त्याला हे सांगायला विचार करावा लागत नाही, तो म्हणतो अहो आठवीच्या चार मुली सोडून गेल्या, लग्नं लावली, आम्हाला थांबवता नाही आलं. असं उत्तर आलं की तिथं द्यायला मला भीती वाटत नाही. सगळं छान चाललंय असं तीनदा ऐकू आलं तर थोडं थांबा.

तुमच्या यादीचं बोलायचं तर झाडांवाल्यांना एवढंच विचारा की तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती जगली आणि उन्हाळ्यात पाणी कोण घालतं. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवारांच्या पुढाकाराने सुमारे ४०० हेक्टर जंगल राखलं, २०२५ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, पण त्यामागे गावाने स्वतः घातलेले नियम, दंड, राखण, असं तीसेक वर्षांचं काम आहे. कॅन्सरच्या संस्थेबद्दल, आपल्या भागातली कितीतरी माणसं परळला टाटाला जातात, तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी तिथं महिना-महिना राहून आलं असेल आणि त्या संस्थेने त्यांना आसरा, जेवण दिलं असेल तर ती संस्था मुंबईची असली तरी तुमचीच आहे, त्यांनाच विचारा ती कशी आहे. पुण्याच्या संस्थेचे कागद बघितल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

वडिलांचं म्हणणं मला अर्धं पटतं. गावातच द्यावं असं नाही, पण जिथं आपल्याला जाता येतं तिथं दिलेलं बरं. सुरत लाइनची गाडी पकडली की नंदुरबार, तिथून पुढे एसटी, एका रविवारात नाही जमलं तर दोन दिवसांत होतं. तुमच्या जागी मी असते तर नंदुरबारवाल्यांना धरलं असतं, वडिलांना सोबत घेऊन एकदा गेले असते, कोठी बघितली असती, आणि पगाराची वही दाखवा म्हणाले असते.

प्रश्न : ताई, मी धुळ्याला एका खाजगी बँकेत आहे. आमच्याकडे पगारातून देणगी द्यायची योजना आहे आणि मॅनेजरांना शाखा १०० टक्के करायचीय. ज्यांनी फॉर्म भरले त्यांची नावं ग्रुपवर टाकतात, माझं एकटीचं नाही. सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून दोनदा, माझ्याने खरंच होत नाही पण सगळ्यांसमोर लाज वाटते.
— एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, सही करू नका. तुमच्या लेखी संमतीशिवाय अशी कपात होऊच शकत नाही आणि संमती दिली तरी ती कधीही मागे घेता येते. आठवड्यातून दोनदा सासऱ्यांना घेऊन जाणारी बाई आणखी कुणाला काय सिद्ध करून दाखवणार. मॅनेजरांना कारण सांगायची गरज नाही, ‘घरची जबाबदारी आहे, पुढे जमलं तर स्वतःहून भरेन’ एवढा एका ओळीचा मेल करा, म्हणजे लेखी राहील. आणि हे वाचणारे कुणी मॅनेजर असतील तर त्यांना हात जोडून विनंती, ती नावांची यादी काढून टाका, दुसऱ्याच्या घरात काय चाललंय ते आपल्याला माहीत नसतं. आधीच आपल्याकडे डोनेशन म्हटलं की लोकांना अ‍ॅडमिशनचं डोनेशन आठवतं, नाइलाजाने दिलेलं, तसं याचं करू नका.

प्रश्न : शिरपूरला सूतगिरणीत सुपरवायझर आहे. गावातल्या मंदिराच्या ट्रस्टने वरच्या खोलीत पोरांसाठी अभ्यासिका काढलीय, पोलीस भरतीची, एमपीएससीची २५-३० पोरं बसतात, मागच्या भरतीत दोघं लागले. आम्ही १८ जणांनी एचआरला सांगितलं की आमचे पैसे तिथं द्या तर ते म्हणतात ८०जी नाही. काय करता येईल?
— एक वाचक, शिरपूर तालुका

उत्तर : जिभाऊ, पत्र वाचून फार आनंद झाला. एचआरचं बरोबर आहे आणि तुमची अडचण सुटण्यासारखी आहे. धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करणाऱ्या संस्थेला ८०जी मिळत नाही, आणि मंदिराच्या ट्रस्टचा तर सप्ताह, उत्सव, पूजा यावरच बहुतेक खर्च जाणार, त्यात गैर काही नाही. तेव्हा अभ्यासिकेची संस्था वेगळी काढा. सात जण लागतात, त्यात दोन बाया आणि अभ्यासिकेतून नोकरीला लागलेला एक पोरगा घ्या, धर्मादाय कार्यालयात नोंदणी, मग पॅन, बँक खातं, आणि मग इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर ८०जीसाठी अर्ज, त्याला सरकारी फी नाही. ८०जीची मंजुरी आधी तात्पुरती मिळते ३ वर्षांची, नंतर ५ वर्षांची. कंपनीला तिच्या सीएसआरमधून भर घालायची असेल तर सीएसआर-१ चा नंबरही लागेल, म्हणजे सीएसआरचा पैसा घेण्यासाठीची संस्थेची नोंदणी, तो नंतर. मंदिराच्या ट्रस्टशी खोलीचा करार मात्र लेखी करा, नाममात्र भाडं लावून, उद्या विश्वस्त बदलले तर पोरं रस्त्यावर नकोत.

हे सगळं व्हायला काही महिने जातील. तोवर १८ जणांनी महिन्याला १००-१०० काढून अभ्यासिकेचं लाइटबिल परस्पर भरत जा, पावत्या एका फायलीत लावून ठेवा, त्याच पुढे अर्जासोबत काम दाखवायला उपयोगी पडतील. आणि संस्थेच्या घटनेचा मसुदा तयार झाला की सह्या करायच्या आधी मला पाठवा, उद्देशांच्या कलमात ‘धार्मिक’ शब्द चुकून राहतो, तो मी बघून देते.